मारोतीअप्पांचा नऊ नंबर

आमच्या गावच्या कबड्डी संघात खेळायचं असेल, तर आधी मारोतीअप्पांना दात दाखवावे लागतात. हे मी गमतीनं म्हणत नाही. नवा पोरगा मैदानावर आला की अप्पा त्याच्यासमोर उभे राहतात, हनुवटी धरून तोंड वर करतात आणि म्हणतात, "आ कर." पोरगं बिचारं आ करतं. अप्पा आत डोकावतात, मग मांडीला चिमटा घेतात, पोटरी दाबतात आणि शेवटी त्याला थोडं चालायला लावून मागून बघतात. मग लगेच निकाल. "अजून अदंत हाय, दुधाचे दात बी पडले न्हाईत. पुढच्या साली आण." त्या पोराला दाढी आलेली असते, कधीकधी लग्नही ठरलेलं असतं, पण अप्पांपुढं अपील चालत नाही.

अप्पांचा धंदा शेळ्या-मेंढ्यांचा. बाजारात जनावराचं वय दातावरून ठरतं आणि चाल मागून बघतात, म्हणून माणसालाही तेच माप. संघात त्यांना कुठलंही पद नाही. त्यांना कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे काढताही येत नाही. स्वतः ते आयुष्यात कधी कबड्डी खेळलेले नाहीत. एकदा मी तसं तोंडावर बोललो, तर म्हणाले, "मिस्त्री, मी कधी बोकड बी झालो न्हाई. पण पारखतो की न्हाई बराबर?"

मी मिस्त्री म्हणजे पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा. कनेरगाव नाक्यावर माझं दुकान आहे, आणि दुकानापुढं एक बाकडं आहे. आमच्या संघाचे सगळे निर्णय त्या बाकड्यावर होतात. दिवाळी झाली की आमचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या जत्रा संपल्या की संपतो. उरलेले महिने चर्चेचे. खरं सांगायचं तर उन्हाळ्यात आमच्या संघाइतका तगडा संघ जिल्ह्यात नसतो, कारण तेव्हा खेळावं लागत नाही. दुपारी मेंढरं लिंबाखाली बसली की अप्पा येतात. शेजारचे पंक्चरवाले रशीदभाई हातातली ट्यूब टाकून येतात. कर्णधार बालाजी गाडी तशीच चालू ठेवून येतो आणि मग कुणीतरी उठून ती बंद करतो. डावा कोपरा कुणी सांभाळायचा, वारंगा फाट्याकडचा तो उंच पोरगा जत्रेपुरता आपल्याकडून खेळेल का, त्याला मटणाचं जेवण पुरेल की बूटही घेऊन द्यावे लागतील, यावर असा वाद पेटतो की मोटार घ्यायला आलेला शेतकरी मोटार विसरून स्वतःचा एखादा भाचा सुचवायला लागतो.

अप्पांची पारख आजवर एकदाही खरी ठरलेली नाही. नरसीकडून त्यांनी एकदा एक जाडजूड पोरगा शोधून आणला. मांड्या खांबासारख्या, छाती रुंद, दात एकसारखे. "आसा माल पुन्ना मिळत न्हाई," म्हणून अप्पा आठवडाभर आमच्या डोक्यावर बसले. सामन्यात तो गडी पहिल्याच चढाईला गेला, दबकत दबकत थेट मागच्या रेषेपर्यंत पोचला, दोघांना हात लावून परत आला. आम्ही नाचायला लागलो. पंचानं त्याला बाद दिला. कारण पठ्ठ्या एकदाही 'कबड्डी' म्हणाला नव्हता. चोरासारखा मुकाट गेला आणि मुकाट आला. बालाजीनं कपाळाला हात लावला. अप्पा शांतपणे म्हणाले, "नवं जनावर परक्या गोठ्यात आवाज करत नसतं. चार रोज जाऊ द्या."

पण अप्पांचा खरा दरारा होता तो त्यांच्या कौतुकाचा. अप्पा चांगलं बोलले की समोरच्याला घाम फुटायचा. मेंढरं राखणाऱ्यांची एक रीत आहे. आपलं चांगलं जनावर चांगलं म्हणायचं नाही, नजर लागते. कुणी विचारलं तर 'रोगट हाय, जगल असं वाटत न्हाई' म्हणायचं. गुण गायचे ते फक्त बाजारच्या दिवशी, जनावर द्यायचं ठरल्यावर, दुसऱ्याच्या हातात दावं देताना. अप्पांनी ही रीत उचलून थेट मैदानावर आणली. सामना सुरू झाला की ते रेषेला खेटून बसत आणि समोरच्या संघाच्या गड्याला मोकळ्या आवाजात म्हणत, "वा रे वाघा! काय पोटरी हाय! काय झेप हाय!" एकदा असं म्हटल्यावर त्या गड्याचा पुढच्याच चढाईला पाय मुरगळला. तेव्हापासून शेजारच्या गावची पोरं काजळाचा टिक्का लावून मैदानात उतरायला लागली, आणि एका जत्रेत तर पंचांनी येऊन हात जोडले, "अप्पा, तुम्ही मंडपामागं बसा. तिथून चांगलं दिसतं." तिथून काहीच दिसत नव्हतं.

आता आपल्या संघाबद्दल अप्पा कसे बोलत असतील हे सांगायला नको. बालाजीला ते 'लंगडं' म्हणत. मधल्या फळीतल्या दोघांना 'आंधळी जोडी'. पण सगळ्यात जास्त तोंडसुख नऊ नंबरच्या बनियनवर. "त्या नऊ नंबरला काढा आदी. त्याला ना दम, ना अक्कल. माणूस बोनसचा गुण काहून सोडून येतो? मी असतो तं त्याला शेणाच्या टोपलीला बी हात लावू दिला नसता." बाहेरगावचा माणूस हे ऐकून हळूच विचारायचा, हे म्हातारबाबा त्या पोरावर इतके का खवळून आहेत? तेव्हा सांगावं लागायचं, की नऊ नंबर म्हणजे गजू, आणि गजू अप्पांचा एकुलता एक मुलगा. मैदानावर त्यांनी त्याला नावानं कधी हाक मारली नाही. 'ते नऊ नंबर' हेच त्याचं नाव.

गजू मात्र खेळायचा असा, की चढाईला निघाला की रशीदभाई डोळे मिटून घ्यायचे. "देखने की हिंमत नहीं होती मिस्त्री, तुम बताओ क्या हुआ." वाकून समोरच्याच्या पायाला बोट लावून तो असा निसटायचा, की पकडणाऱ्यांच्या हाती एकमेकांचेच हात यायचे. अप्पांच्या शिव्यांचं त्याला काही वाटत नसे. संध्याकाळी सामन्याची खबर घरी पोचली की गजूची आई, म्हणजे आमच्या काकू, एवढंच विचारायच्या, "लय शिव्या देल्ल्या का आज?" हो म्हटलं की त्या समाधानानं भाकरी थापायला बसत. "मंग खेळलं असल लेकरू बरं."

गेल्या जत्रेतल्या त्याच्या चढाईचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर सोडला. तो फिरत फिरत पुण्याकडच्या एका कंपनीच्या संघाच्या प्रशिक्षकापर्यंत गेला. निरोप आला की साहेब येऊन मुलाला बघणार. पसंत पडला तर कंपनीत नोकरी, राहायची सोय आणि संघात जागा.

त्या उन्हाळ्यात बाकड्यावर दुसरा विषय निघाला नाही. बालाजी म्हणाला, "गजू गेला तं आपल्या संघात ऱ्हायलं काय? मी आन् माझा गुडघा!" रशीदभाई उसळले, "तो क्या बच्चा यहीं सड़ेगा तेरे घुटने के वास्ते?" माझं मत दोन्हीकडून होतं. गजूनं जावं असं वाटत होतं, आणि तो गेल्यावर दर जत्रेत आम्ही कसे मार खाणार हेही दिसत होतं. गजूला विचारलं तर तो चपलेनं माती उकरत म्हणाला, "आप्पा म्हंतील तसं." बालाजीला हे ऐकून एकदम हुरूप आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मंग काई तकलीफ न्हाई. सायबानं अप्पाला इचारलं, की अप्पा त्यायच्या रीतीनं सांगतील, ह्याला ना दम ना अक्कल. साहेब आल्या पावली परत जातो का न्हाई बघा."

पटण्यासारखंच होतं ते. फक्त त्या दिवसांत अप्पा स्वतः काही बोलेनात. बाकड्यावर येत, बसत, वाद ऐकत आणि उठून जात. काकू एकदा पंपाची मोटार टाकायला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "मिस्त्री, तुमी तरी इचारा ह्यायला. पोराला आठ दिसात एक शिवी देल्ली न्हाई. लेकरू भेऊन राहिलं, म्हंतं आप्पा कावले का काय माझ्यावर."

साहेब आले ते सकाळीच. शाळेच्या मैदानावर चुन्याची फक्की मारून आखणी केली होती. गजू चार-पाच चढाया खेळला. बालाजीसह सगळ्यांनी त्याला जीव तोडून पकडायचा प्रयत्न केला आणि सगळे मातीत गेले. साहेबांनी मान डोलावली. मुलं हापशावर पाणी प्यायला गेली, तेव्हा ते आमच्या घोळक्यापाशी आले. म्हाताऱ्या माणसाला विचारावं म्हणून असेल, त्यांनी नेमकं अप्पांनाच विचारलं, "काय बाबा, हा नऊ नंबर कसा आहे? वागायला वगैरे?"

बालाजीनं मला कोपरानं ढोसलं.

अप्पांनी डोक्याचा पटका काढला, झटकला आणि पुन्हा बांधला. मग म्हणाले, "सायेब, आसं जनावर तुमाला आख्ख्या मराठवाड्यात मिळायचं न्हाई. दात बघा, पाय बघा, कुठं खोड न्हाई. एक डाव सांगितलं की कळतं त्याला, दुसऱ्यांदा सांगावं लागत न्हाई. म्या लय बोललो त्याला, आजवर कवा उलटून बोललं न्हाई. पुढ्यात टाकाल ते खातं. एकच हाय, दुखलं खुपलं तं सांगत न्हाई. थंडी वाजली तं पांघरून मागत न्हाई, कुडकुडत पडून ऱ्हातं. आपुनच उठून टाकावं लागतं. तेवढं तुमी ध्यानात ठिवा."

साहेब जरा गोंधळले. म्हणाले, "तुमचा कोण हा?"

"माझंच हाय," अप्पा म्हणाले. "घेऊन जा."

रशीदभाईंनी तोंड फिरवलं आणि उगाच शाळेच्या पत्र्यांकडं बघत राहिले. आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं की अप्पा गुण कधी गातात. त्यांनी आमच्यादेखत पोराचं दावं दुसऱ्याच्या हातात दिलं होतं.

साहेब गेल्यावर अप्पा माझ्या मागोमाग दुकानात आले. बाकड्यावर न बसता आत, तारांच्या भेंडोळ्याजवळ जमिनीवर बसले. म्हणाले, "मिस्त्री, त्यानं ऐकलं असल का?"

गजू हापशावर होता, त्यानं काहीच ऐकलं नव्हतं. पण आमच्या गावात एवढी गोष्ट हापशापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मी म्हटलं, "ऐकलं अप्पा. सगळं ऐकलं."

मला वाटलं त्यांना बरं वाटेल. तर ते कपाळ धरून म्हणाले, "मंग मेलो. लेकराला माझीच नजर लागन आता. आन् तिकडं ती कोन काढनार हाय?"

महिन्याभरानं कंपनीचं बोलावणं आलं आणि गजू पुण्याला निघाला. संध्याकाळची ट्रॅव्हल्स नाक्यावर थांबली. काकूंनी पिशवीत शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि एक घोंगडी कोंबली. गजू अप्पांच्या पाया पडला, तेव्हा अप्पा तोंडातल्या तोंडात "व्हय व्हय" म्हणाले आणि गाडीच्या टायरकडं बघत उभे राहिले. गाडी हिंगोलीच्या दिशेनं दिसेनाशी झाली. काकू पदर तोंडाला लावून घराकडं वळल्या. अप्पा मात्र हलेनात. थोड्या वेळानं माझ्याकडं वळून म्हणाले, "फोन लाव त्याला."

मी फोन लावला आणि आवाज मोठा केला, कारण फोन कानाला धरला तर अप्पांना त्यातलं काही कळत नाही. पलीकडून गाडीची घरघर ऐकू आली. गजू म्हणाला, "हां आप्पा."

"ए नऊ नंबर," अप्पा ओरडले. नाक्यावरची चार माणसं वळून बघायला लागली. "तुला काई खेळता येत न्हाई, समजलं का? तो सायेब येडा हाय. तुला दम न्हाई. तुला अक्कल न्हाई. बोनस सोडून येतो मूर्खावानी. दोन दिसात हाकलून देतेत का न्हाई बघ तुला. लंगडं मेंढरू बरं तुझ्यापरीस. ऐकून राहिला का?"

पलीकडं फक्त गाडीचा आवाज येत होता. मला वाटलं फोन तुटला. अप्पा घाबरून माझ्याकडं बघायला लागले.

मग गजूचा आवाज आला. "ऐकून राहिलो आप्पा. बोला तुमी. अजून रेंज हाय."