माझी ओढ किती?

मी एकदा ठरवलं की ठरवलं! हे वाक्य मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच आणि तेही चारचौघांत म्हणालो. म्हणून झाल्यावर मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी तर नाही ना बोललं!

झालं असं. ग्रंथालयात छत्तीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवून निवृत्त झालो आणि धनुर्विद्या मंडळात नाव घातलं. पाच वर्षं कंपाउंड धनुष्य चालवलं. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं, नेमाला भिंग, दोरी सोडायला मनगटाला बांधलेला चाप. शिलाई मशीन आणि सायकल यांचं लग्न लागलं तर होईल ते अपत्य!

यंदा मंडळाच्या फळ्यावर नियम लागला : सत्तरीपुढच्या सभासदांनी वार्षिक स्पर्धेत वीस पावलांवरून सहापैकी तीन बाण लक्ष्यात मारले, तरच त्यांची रेषेवरची जागा राहील, नाहीतर त्यांनी खुर्चीत बसून इतरांचे गुण टिपावेत. नियमाची भाषा माझीच. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही पुस्तकातले, तुम्हीच लिहा," आणि मी स्वतःच्या गळ्याचा दोर सुवाच्य अक्षरात वळून दिला.

"तुम्हाला कसली काळजी, आजोबा!" सेक्रेटरी वर हसले. "सगळं तुमचं मशीनच करतं. तुम्ही नुसतं बटण दाबायचं!"

झोंबलं! छत्तीस वर्षं मी नुसते क्रमांकच चिकटवले, असंही लोक म्हणत.

"साध्या धनुष्याने मारून दाखवतो!" मी ओरडलो. म्हणजे माझ्या मानाने ओरडलो. शेजारच्यांना ऐकू गेलं. "मी एकदा ठरवलं की ठरवलं!"

परतीची वाट नको म्हणून त्याच संध्याकाळी माझं कंपाउंड मेहुण्यांना देऊन टाकलं. त्यांनी हो म्हणायला अर्धा सेकंदही घेतला नाही.

मग साधी धनुष्यं घडवणाऱ्या म्हाताऱ्या सुताराला फोन लावला. फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो.

"बोला साहेब. तुमची ओढ किती?"

मी लाजलो. इतका थेट प्रश्न! "काय सांगू... लहानपणापासून आहे."

"तसं नव्हे हो. आकडा सांगा."

"आकडा? अनंत!"

"साहेब, दोरी ओढता ना, ती ओढ. पौंडात सांगा."

"अच्छा! पन्नास!" छाती इंचभर पुढे आली.

"पन्नास? साधंच ना?"

मला वाटलं, कुठलं हवंय ते विचारतोय. "साधंच, साधंच!"

फोन ठेवून वळलो तर दारात बायको. चाळीस वर्षं नर्स होती. नुसत्या बघण्याने ताप मोजते.

"कोणाची ओढ आहे तुम्हाला लहानपणापासून?"

"अगं, ते पौंड..."

"आणि ती पन्नासची! म्हणजे तुमच्या लहानपणी ती जन्मलीसुद्धा नव्हती. खोटं बोलताना हिशेब तरी जुळवावा माणसाने!"

दहा मिनिटांत लेकीचा फोन. "बाबा, तुम्ही कोणाला अनंत म्हणालात?"

आठ दिवसांनी धनुष्य घरी आलं, तेव्हा कुठे मी निर्दोष सुटलो. सुंदर होतं! एकसंध लाकूड, ना चाक ना खिळा. पॅसेजमध्ये उभा राहिलो, श्वास घेतला, दोरी ओढली. दोरी छातीपर्यंतही येईना. मीच धनुष्याकडे जाऊ लागलो. हात असा थरथरत होता की भिंतीवरची तसबीर हलली, असं बायको म्हणते. शेवटी दोरी सुटली, मी मागे कपाटावर, आणि वरच्या फळीवरून धनुर्विद्येची सात पुस्तकं एकामागून एक डोक्यात.

"हे पन्नास नाही! फसवलं!" मी सुताराला फोनवर म्हणालो. घामसुद्धा विसरलो.

"पन्नासच आहे साहेब. आधी कुठलं चालवत होतात?"

"...कंपाउंड."

"अहो, मग सांगायचं ना चाकवाले म्हणून! पन्नासातले चाळीस तर ती चाकंच पेलतात. नेम धरताना तुमच्या हातात उरतात दहा! साध्यात पुरे पन्नास बोटांवर येतात."

पडलेल्या पुस्तकांत पाहिलं. सातही पुस्तकांत हे पहिल्याच प्रकरणात होतं. मी प्रस्तावना फार सावकाश वाचतो.

कंपाउंड परत मागायला मेहुण्यांकडे गेलो. "दाजी, आता कसं देऊ? त्याच स्पर्धेत मीही उतरलोय!"

आता एकच वाट उरली : ठरवलेलं करणं. बायकोने सामान तोलायचा हुकाचा काटा काढला, दोरीला अडकवला. "ओढा. अजून. थांबा, हात हलला! तेरा किलो. तुमची ओढ अठ्ठावीस पौंड. आता कोणी विचारलं तर हेच सांगा, अनंत नाही."

सुताराने धनुष्य बदलून दिलं. अठ्ठावीसचं एकच तयार होतं, त्याने स्वतःच्या सुनेसाठी केलेलं. मुठीला गुलाबी लेदर, त्यावर फुलपाखरू. मी म्हटलं, चालेल! रोज सकाळी दोन तास गच्चीवर. बोटांना फोड, खांद्याला शेक. बायको घड्याळ लावून बसायची आणि म्हणायची, "कोपर वर!"

स्पर्धेचा दिवस. रेषेवर उभा राहिलो, ओढलं, नेम धरला आणि अंगठ्याने चाप दाबला. चाप मेहुण्यांच्या मनगटावर होता! मी दाबत राहिलो.

"आजोबा, सोडा!"

"सोडतोय!"

बाण गवतात. दुसरा लक्ष्याच्या कडेला रुतला. तिसरा वरून गेला. चौथा बसला! पाचवा गवतात. दोन झाले, एक हवा, एक उरला. शेजारी सेक्रेटरी वही घेऊन उभे, मागे रिकामी खुर्ची. ती खुर्ची मला ओळखीची वाटली. छत्तीस वर्षं तिच्यातच तर बसलो होतो!

कोपर वर. सोडला. ठप्प! अगदी मधोमध, पिवळ्यात!

मेहुण्यांच्या लक्ष्याच्या.

"दाजी, हा माझ्यात धरायचा का?"

"बाद!" सेक्रेटरी म्हणाले. "लक्ष्यात म्हणजे स्वतःच्या लक्ष्यात."

"कुठं लिहिलंय?" बायको फळ्यापाशी पोचलीसुद्धा होती. "वाचा मोठ्याने! 'सहापैकी तीन बाण लक्ष्यात.' कोणाच्या, ते दाखवा!"

सगळ्यांनी वाचलं. लिहिताना माझ्या मनात स्वतःचंच लक्ष्य होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने माझा पाय दाबला. सेक्रेटरींनी फळ्याकडे पाहिलं, गुलाबी मुठीकडे पाहिलं, माझ्या फोडांकडे पाहिलं.

"राहू दे जागा," ते म्हणाले. "पण आजोबा, हा नियम नीट लिहून आणा. अगदी पुस्तकात असतो तसा."

घरी येऊन नवा नियम लिहिला. निर्दोष लिहिला, स्वल्पविरामासकट! त्याप्रमाणे मी साफ नापास होतो. म्हणून खाली बारीक अक्षरात एक ओळ घातली : 'हा नियम पुढील वर्षापासून लागू.'

छत्तीस वर्षांची नोकरी अगदीच वाया गेली नाही म्हणायची.