आप्पांच्या उशीतले शब्द

"दुपारच्या चहाआधी आप्पांची खोली लख्ख करते की नाही बघा!" राजनंदिनीनं शेजारच्या साळूमावशींना ठणकावून सांगितलं. सांगलीच्या कॉलेजात अख्खं ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईला पलूसची एक खोली म्हणजे काय!

खरं तर तिला फक्त चिठ्ठ्या हव्या होत्या. आप्पा, म्हणजे तिचे वडील, हवालदार नानासो, फौजेत इंग्रजी शिकले आणि निवृत्तीनंतर शब्दांची कुळं शोधून चिठ्ठ्यांवर लिहीत बसले. साखरेच्या दुखण्यानं बोटं बधिर झाल्यावर तर स्पर्शाच्या, मऊपणाच्या शब्दांमागंच लागले. "हाताला कळंना, निदान डोस्क्याला तरी कळू दे," म्हणायचे. ते जाऊन महिना झाला, पण चिठ्ठ्यांचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात गल्लीत गादीवाला आला, टेम्पोवर पिंजायचं मशीन लावून. आप्पांची उशी दगड झाली होती. राजनंदिनीनं ती त्याच्या हातात कोंबली.

"ताई, आत कापूसच हाय न्हवं?"

"मग काय सोनं असणार? चालू करा!"

मशीन घरघरलं, म्हाताऱ्यासारखं खोकलं आणि तोफेसारखं उडालं! कापूस आणि कागद, कागद आणि कापूस! आप्पा उसवलेल्या शिवणीतून चिठ्ठ्या आत सारत होते तर!

"बंद करा! आवं, बंद करा!"

तोवर साळूमावशींची म्हैस पांढरी झाली होती. समोरचा केरबा मिशांतला कापूस झटकत ओरडला, "गड्या, पलूसला बर्फ कवापासनं पडाय लागला?"

सगळी गल्ली चिठ्ठ्या वेचायला वाकली.

"'टेंडर,'" केरबानं वाचलं. "'लॅटिन टेनेर. कोवळं. देठाला फूल असलेली काकडी.' आवं, ह्ये तर माझ्या रानातलं!"

"'व्हेल्व्हेट. लॅटिनात केसांचा झुबका. साळूबाईच्या म्हशीचा कान.'" केरबानं दुसरी वाचली, तशा साळूमावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माज्या म्हशीला ह्यांनी कवा हात लावला?"

गल्ली हसली. राजनंदिनीही हसली, महिन्याभरात पहिल्यांदाच. मग तिच्या पायाशी पडलेली अर्धी फाटकी चिठ्ठी तिनं उचलली.

'सॉफ्ट. जुन्या इंग्रजीत सौम्य, शांत. नंदीचे केस. लहानपणी होते. दिवाळीला येईल तेव्हा बघावं.'

गेल्या दिवाळीत ती पायरीवर वाचत बसली होती. मागून डोक्यावर एकदम हात आला. ह्या घरात कुणी कुणाच्या डोक्यावरून हात फिरवत नसे. ती दचकून म्हणाली, "काय हवंय, आप्पा?"

हात लगेच मागं गेला. "काय न्हाई, नंदी. केसात कापूस होता."

कापूस नव्हता. तिला तेव्हाही माहीत होतं. तरी ती पुढचं पान वाचू लागली होती.

"आगं पोरी, डोकं बघ की तुजं!" साळूमावशी पुढं आल्या. "समदा कापूस! थांब, काढते."

राजनंदिनी पटकन मागं सरली.

"नको मावशी. असू दे."

खोली तशीच होती. चहाची वेळ कधीच टळून गेली होती.