शिक्का मारलेलं संकेतस्थळ

श्वेतसुवर्ण विद्यापीठाचं संकेतस्थळ दिव्यांगांसाठी सुगम्य झाल्याची घोषणा झाली, तेव्हा आदल्या हंगामातली कपाशी बोंडअळीनं खाऊन टाकली होती आणि जिल्ह्यात आनंदाची बातमी म्हणून एवढीच शिल्लक होती. विद्यापीठाचं नाव कापसाला भाव होता त्या काळातलं. पुढे भाव उतरला, पण पाटी उतरवायला निविदा काढावी लागते, म्हणून नाव तसंच राहिलं.

घाटंजीच्या उमेराला ही बातमी तिची जिवाची मैत्रीण दिपाली हिनं नाचत नाचत वाचून दाखवली. उमेराला जन्मापासून दिसत नाही, आणि बारावीनंतर तिला बी.ए.ला इतिहास घ्यायचा होता. इतिहासच. आणि अर्जसुद्धा स्वतःच्या बोटांनी भरायचा होता, कारण अकरावीचा अर्ज मामेभाऊ जुनेदनं भरला होता. त्याच्या मते बिचारीला सनावळ्या जड गेल्या असत्या, म्हणून त्यानं परस्पर गृहविज्ञान लिहून टाकलं. उमेरानं दोन वर्षं साबुदाण्याचे गुणधर्म पाठ केले.

"या खेपेस चुकलं तं चूक बी माझीच पायजे," ती म्हणाली.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या. त्यात पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचणारी सोय होती. तिला दोघी 'बोलकी बाई' म्हणत, कारण ती एकदा सुरू झाली की गप्प बसत नसे. विद्यापीठाचं पान उघडलं आणि बोलकी बाई म्हणाली, "चित्र."

उमेरानं पुढचं बटण दाबलं.

"चित्र. चित्र. चित्र."

"काय वं, हे विद्यापीठ हाय का फोटो स्टुडिओ?"

दिपालीनं पडद्याला नाक लावलं. "मायवं! सारे कागदच हायेत. टाइप केलेला कागद, त्याच्यावर सही, सहीवर गोल शिक्का, अन् मंग त्या साऱ्याचा फोटो काढून इथं डकवला. सुगम्यतेचं प्रमाणपत्र बी हाय वं. त्याचा बी फोटोच."

दोघींनी सुगम्यता कक्षाला फोन लावला. तिथले लिपिक घनश्यामबाबू अत्यंत सौजन्यानं बोलले.

"नुसती अक्षरं कशी टाकणार, बाई? सही-शिक्क्याशिवाय शब्द म्हणजे अफवा."

"पण बाबूजी, मले हे वाचता येत नाही."

"येईल की! चित्र मोठं करून पाहा."

"मले दिसतच नाही."

प्रश्न गंभीर होता, हे त्यांना पटलं असावं. "मग अजून मोठं करा," ते म्हणाले. "आणि तरी जमलं नाही, तर प्रत्यक्ष या. आमच्याकडे सगळी सोय आहे. येताना फक्त वाचता येणारं कोणी माणूस सोबत आणा."

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं यवतमाळला, विद्यापीठात गेल्या. सोय खरोखरच होती. 'संकेतस्थळापर्यंत प्रत्येकाला सहज पोहोचता यावे' असं वरून पत्र आलं होतं. संकेतस्थळ नेमकं असतं कुठे, याची रीतसर चौकशी झाली. ते सर्व्हरच्या खोलीत असतं असं निष्पन्न झालं. त्यामुळे बांधकाम विभागानं त्या खोलीच्या दारापर्यंत चकचकीत उतार बांधला होता, कठड्यासकट. दाराला मात्र कुलूप होतं, कारण आत बाहेरच्यांना प्रवेश नव्हता.

उमेरा दिपालीचा हात धरून उतारावरून धावत वर गेली, कुलूप खडखडवलं आणि घसरतच खाली आली. "झालं! वेबसाइटवर जाऊन आली मी!"

तेवढ्यात कक्षप्रमुख बेबीताई मॅडम आल्या. त्यांनी उमेराला मायेनं भिंतीवरच्या भल्यामोठ्या फ्लेक्सपाशी नेलं. "लाव हात. संकेतस्थळाचं पूर्ण मुखपृष्ठ ब्रेलमध्ये!"

उमेरानं तळहात फिरवला. मग गाल लावून पाहिला. "मॅडम, हे तं गुळगुळीत हाय."

"ठिपके आहेत ना पण?"

"छापलेले असतील."

"मग? किती स्पष्ट दिसतात!"

दिपाली तोंडात ओढणी कोंबून उभी होती. हसू आवरायला म्हणून ती फ्लेक्सच्या तळाची ओळ मोठ्यानं वाचू लागली. "ब्रेल लिपीतील अर्ज आनंदाने स्वीकारले जातील."

"ते वाक्य माझं," मॅडम म्हणाल्या.

उमेराचे कान टवकारले. तिनं झोळीतून ब्रेलची पाटी, जाड कागद आणि टोचणी काढली आणि घनश्यामबाबूंच्या खिडकीपाशी फरशीवर बसकण मारली. टक, टक, टक. नाव, गाव, गुण, विषय. खिडकीसमोरची रांग तिच्याभोवती गोळा झाली. दिपालीनं फक्त गर्दी मागे रेटली. बाकी एक टिंबही तिचं नव्हतं.

घनश्यामबाबूंनी कागद उजेडात धरला, मग उलटा केला. "हा तर कोरा आहे."

"कोरा कायले असंल? वाचा ना."

"मला वाचता येत नाही हे."

"येईल की," उमेरा गोडीत म्हणाली. "मोठा करून पाहा."

सगळी रांग फिस्सकन हसली. परत पाठवायची सोय नव्हती, कारण त्या फ्लेक्सखाली उभं राहून कुलगुरूंनी फोटो काढून घेतला होता. शेवटी उमेरानं बोटांनी अर्ज वाचून दाखवला आणि मॅडमनी अर्जाला एक पुरवणी जोडून तिच्यावर शेरा मारला, 'अर्जदाराने वाचून दाखविले. खरे असावे.' घनश्यामबाबूंनी सवयीनं शिक्का शाईत दाबला आणि कागदाच्या मधोमध उगारला.

शाईच्या डबीचा चपक् आवाज उमेरानं बरोब्बर टिपला. "थांबाऽ! मधात 'इतिहास' हाय! ठिपके चेपले तं मी परत साबुदाण्यात जाईन!"

"मंग मारू कुठं वं बाई?" घनश्यामबाबूंची सरकारी भाषा पहिल्यांदाच सुटली.

उमेरानं खिडकीतून हात आत घातला, त्यांचं मनगट चाचपून धरलं आणि सावकाश कोऱ्या कोपऱ्यावर नेलं. "इथं. घाबरू नका, मी हाय ना."

धप्प.

प्रवेश मंजूर झाला, इतिहासच. नियमानुसार मंजूर अर्जाचा फोटो काढून संकेतस्थळावर लावण्यात आला. फोटोत ठिपके उतरले नाहीत. उतरलं ते एक पांढरंशुभ्र पान आणि कोपऱ्यातला गोल शिक्का.

ते पान अजून तिथंच आहे. तुम्हीही उघडून पाहा. काहीच दिसलं नाही तर उगाच तक्रार करू नका. संकेतस्थळ सुगम्य आहे, तसं प्रमाणपत्रच आहे. चित्र मोठं करून पाहा. तरी जमलं नाही, तर प्रत्यक्ष या, आणि येताना फक्त वाचता येणारं कोणी माणूस सोबत आणा.