येलगव्हाणात बस आली त्याला चाळीस वर्षं

गंगाखेड तालुक्यातल्या येलगव्हाण गावात पहिली बस आली, त्या घटनेला येत्या फेब्रुवारीत चाळीस वर्षं पूर्ण होत असल्याची बाब ग्रामपंचायतीचा कारकून महारुद्र याच्या निदर्शनास आली आणि त्याच्या अंगात आलं.

महारुद्रला जुन्याचं भारी वेड. गावातल्या पहिल्या टीव्हीची पस्तिशी त्यानं केली होती. सहा महिन्यांनी वाऱ्यानं त्याच टीव्हीचा अँटेना पडला होता, त्याचीही वेगळी पस्तिशी केली. तालुक्याला नुकताच 'स्मृतिसोहळा कक्ष' उघडला होता; तिथं त्यानं प्रस्ताव धाडला. उत्तर आठ दिवसांत आलं. खरं तर तेव्हाच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

कक्षाचे प्रमुख व्यंकटराव सकाळी पाहणीला आले. तेवढ्यात सातची बस आली. महारुद्रची मुलगी निकिता जांभई देत चढली आणि निघून गेली.

"ही कोण?"

"माझी लेक, साहेब. बारावीला हाय. रोज गंगाखेडला जाती."

"बस बघून तिला आनंद झालेला दिसला का तुम्हाला?"

"रोजच्या गाडीचा काय आनंद, साहेब?"

"तेच म्हणतो मी," व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

चौथ्या दिवशी आदेश आला. 'प्रथम आगमनाचा आनंद पुनश्च निर्माण होणेकामी आगमनपूर्व परिस्थिती निर्माण करणे क्रमप्राप्त असल्याने, सदर गावाची बस सोहळ्यापर्यंत एक महिना बंद ठेवण्यात येत आहे.'

निकिता रोज सहा किलोमीटर चालत हमरस्त्याला जाऊ लागली. "पप्पा, सोहळ्याच्या दिवशीच माझं बोर्डाचं प्रॅक्टिकल हाय. दहा वाजता."

"मग लय झ्याक! हार घातलेल्या गाडीत बसून जाशील की!" महारुद्र म्हणाला. मनापासून म्हणाला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

मधल्या काळात प्रत्यक्षदर्शी म्हणून त्याच्या आईचा, कस्तुराबाईंचा, जबाब झाला.

"लय हलायली होती बगा गाडी. मला दोनदा वकारी झाली."

व्यंकटरावांनी लिहून घेतलं : 'आजींचं मन दोनदा उचंबळून आलं.'

सोहळ्याच्या दिवशी नऊला बस आली आणि गाव येडं झालं. महिनाभर चालून पायांचे तुकडे पडलेली माणसं बसच्या पत्र्याला मिठ्या मारू लागली. सरजाबाईंनी ड्रायव्हरला ओवाळलं, तो लाजून स्टिअरिंगखाली वाकला. सत्तरीतला भुजंग टपावर चढून नाचला, मग त्याला उतरता येईना. महारुद्र ढसाढसा रडला. निकिता जर्नल छातीशी धरून पहिल्या सीटवर बसली होती.

"बाळ, खाली उतर," व्यंकटराव म्हणाले.

"सर, माझं प्रॅक्टिकल हाय."

"चाळीस वर्षांपूर्वी त्या दिवशी बस आली, एवढीच नोंद आहे. कुणाला घेऊन गेल्याची नोंद नाही."

"मग गाडी परत कशी जाणार, साहेब?" महारुद्रनं डोळे पुसत विचारलं.

"रिकामी. ही सोहळ्याची गाडी आहे, प्रवाशांची नव्हे."

बस निघाली. निकिता जर्नल उंच धरून धुरळ्यातून तिच्यामागं पळत सुटली. कक्षाच्या फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो टिपला. प्रॅक्टिकल बुडालं. परीक्षक काही आठवणींत रमणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी महारुद्रनं बस पूर्ववत सुरू करण्याचा अर्ज केला. त्याचंही उत्तर आठ दिवसांत आलं. 'एक महिना बस बंद ठेवल्याने गावात झालेला आनंद विचारात घेता, वर्षभर बंद ठेवल्यास तो बारापट होईल. सबब बस यापुढे दरवर्षी वर्धापनदिनी येईल.' सोबत महारुद्रसाठी शाल आणि श्रीफळ होतं.

निकिता शालीकडं बघत म्हणाली, "पप्पा, माझं प्रॅक्टिकल बुडालं त्याचीबी वर्षगाठ करताल का?"

महारुद्रला लाज वाटली. लाज वाटण्याआधी त्यानं तारीख लिहून ठेवली होती, एवढंच.

कक्षानं निकिताचा तो फोटो काळा-पांढरा करून मोबाइलवर सोडला. खाली लिहिलं : 'काय दिवस होते ते!' चाळीस हजार बदाम पडले. फोटो यंदाचाच आहे, पोरगी माझी आहे, असं महारुद्रला खाली लिहायचं होतं. पण बदाम देणाऱ्यांची नावं वाचता वाचताच त्याचा अंगठा दुखून आला.

त्या यादीत तुमचंही नाव होतं. आठवत नसेल तर काळजी करू नका. पुढच्या वर्षी याच तारखेला तुमचाच फोन तुम्हाला आठवण करून देईल.