तेरेसाचं खरं नाक

आमच्या शेजारचे रिनाल्डोसाहेब कुठल्याही बाईला भेटले की 'हॅलो'च्या आधी एक डोळा मिटतात आणि अंगठ्याने हवेतल्या हवेत तिची जास्तीची हनुवटी खरवडून टाकतात. माझ्या सुनेची त्यांनी गणपतीत, भर पाहुण्यांसमोर खरवडली. "काय यार, आई, कशाला बोलावता यांना!" म्हणत ती गळ्याभोवती पदर गुंडाळून आत गेली, ती आरतीलाच बाहेर आली.

साहेब मूळचे इटलीचे. शिकागोतल्या बड्या घरच्या बायकांची पोर्ट्रेट्स रंगवण्यात जन्म गेला. राहायला मात्र शहराबाहेर, आमच्या शॉमबर्ग उपनगरात. त्या बड्या घरांत त्यांना मागच्या दाराने घेत. त्यांचं पालुपद एकच, "निसर्ग आळशी आहे, सिन्योरा. मी नाही." चित्रात मान जरा लांब, कंबर बरीच कमी, नाक सगळ्यांना एकच, सरळ.

मीही बसले होते बरं का त्यांच्यापुढे! वय चाळिशीचं, अक्कल सोळाची. पैठणी, नथ, अंबाडा आणि पोट आत ओढून धरलेला श्वास. चित्रात अशी गोरीपान, चाफेकळी नाकाची महाराणी उतरली की आठवडाभर मी नवऱ्याला चहा विचारला नाही. परवा नात त्या चित्रासमोर उभी राहून म्हणाली, "आजी, हू इज शी?"

त्या बड्या बायका आता एकेक करून गेल्या. मुलं घर विकायला काढतात, सामान अंगणात मांडतात, त्यात आईचं चित्रही. "डझन्ट लुक लाइक मॉम," एक लेक साहेबांच्या तोंडावर म्हणाली. गिऱ्हाइकाने फ्रेम तेवढी नेली. साहेब हसले. ते हसणं बघवत नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांची बायको तेरेसा गेली. तेव्हापासून त्यांना एकच चित्र करायचंय. तिचं, ती होती तसं. आणि तेच जमत नाही. घरात तिची ढीगभर चित्रं, सगळी सुधारलेली. मेल्याने फोटोंवरसुद्धा ब्रश फिरवून ठेवलाय.

मंगळवारी कॅनव्हास घेऊन दारात उभे. "सिन्योरा, तुम्ही रोज तिच्याबरोबर फिरायला जायचात. तिचं नाक... कसं होतं हो?"

"वाकडं," मी म्हटलं. "डावीकडे. दात पुढे. हसली की हिरड्या दिसायच्या."

"आणखी सांगा."

मी सांगत होते, ते काढत होते आणि नाक सरळच होत होतं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा सरळ. "हात ऐकत नाही," म्हणाले आणि कोळशाची कांडी माझ्या हातात दिली.

रांगोळीपलीकडे मी जन्मात काही काढलेलं नाही. पण तेरेसा मला पाठ होती. काढलं वाकडं नाक, काढले दात.

साहेब कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तेरेसा."

आणि सवयीने त्यांचा हात पुढे आला, त्या नाकाकडे. मी मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही.