पृथ्वीला हात लावू नये

शाळेत नवा पृथ्वीगोल आला आणि पृथ्वीच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. मुलांच्या हाती दिला तर ती फिरवणार, फिरवला तर तो झिजणार. या दूरदृष्टीने गोलाला आधी प्लास्टिकचं आवरण घातलं, मग काचेच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाच्या खोलीला कुलूप ठोकलं. दारावर 'भूगोल कक्ष' अशी पाटी लागली. भूगोलाचा तास तेव्हापासून व्हरांड्यात होऊ लागला.

नकाशे सरांना हे नातीकडून कळलं. सर याच शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. 'नकाशे' हे पोरांनी पाडलेलं नाव; खरं आडनाव बायकोला आठवत असलं तर असेल. निरोपाला शाळेने दिलेली भेट अजून त्यांच्या शोकेसमध्ये होती. त्यांच्या वर्गातला गोल पत्र्याचा, खाली पोचा आलेला. पण प्रत्येक पोराने तो गरगर फिरवून बोट टेकवलेलं. बोट जिथे थांबेल तिथली हवा, पिकं, माणसं सर सांगत. समुद्रात पडलं की पोरांना वाटे सुटलो, तर सर तासभर मासे सांगत बसत.

"आजोबा, मला एकदाच फिरवायचाय," नात म्हणाली. "पुढच्या महिन्यात माझी शाळा बदलणार ना."

"एवढंच ना? दिला शब्द," म्हणत सर इस्त्रीचा शर्ट चढवून निघाले.

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, त्यांच्याच विद्यार्थिनी. जुन्या गोलाचा पोचा यांच्याच हातचा. सरांना पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. सर बसले तशी प्लास्टिक घातलेली खुर्ची कुरकुरली.

"अगं, पोरीला तो गोल जरा फिरवू दे की."

"सर, तुम्हाला नाही कसं म्हणू? पण तपासणी तोंडावर आलीय. मागच्या वेळी साहेबांनी प्रयोगशाळा पाहिली. म्हणाले, वा, एकही काचनळी फुटलेली नाही. पहिला नंबर दिला आपल्याला."

"वापरलीच नाही तर फुटेल कशी?"

"तेच तर आमचं धोरण आहे, सर."

धोरणाला यश येत होतं. वाचनालयातलं एकही पान दुमडलेलं नव्हतं. मैदानात गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं, त्याला आता 'हरित पट्टा' म्हणत. फळा काळाभोर राहावा म्हणून त्यावर लिहिणं बंद होतं. भिंतींना नवा रंग लागल्यापासून सगळेच वर्ग व्हरांड्यात भरत, आणि सोमवारपासून व्हरांड्याच्या फरशीला पॉलिश होणार होतं.

"मग मुलं कुठे बसणार?"

"तेवढीच एक अडचण उरलीय," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "जे काही खराब होतं ते मुलांमुळेच, सर. तुम्हाला का सांगायला हवं?"

सरांना हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. हीच मुलगी गोल फिरवताना खिदळत म्हणाली होती, 'सर, हा थांबतच नाही.' मग तो धाडकन पडला होता, तरी सर रागावले नव्हते.

"पोचा आठवतो का गं?"

"आठवतो ना. म्हणूनच तर कुलूप लावलं."

सर हात हलवत परतले. नात दारातच उभी होती.

"नाही जमलं, बाळा," असं म्हणून सरांनी वाटेत जुळवलेलं भाषण सुरू केलं. वस्तू कशासाठी असतात हेच लोक विसरलेत. नुसतं जपून ठेवायचं, मग ती असली काय नि नसली काय. नातीने सगळं ऐकून घेतलं आणि शोकेसकडे बोट दाखवलं.

"मग हा चालेल?"

निरोपाची भेट म्हणजे पितळी दांडीवरचा सुरेख पृथ्वीगोल, अजून जिलेटीनच्या कागदातच. घरात त्याला 'भेट' म्हणायचीच इतकी सवय झालेली, की तो फिरतो हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

"हात नको लावू, खराब होईल," सर बोलून गेले.

नातीने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "अर्ज कोणाकडे करायचा, आजोबा?"

आतून आजीचं खो खो हसणं ऐकू आलं. सर पुरते ओशाळले. शब्द दिला होता, तो पाळायलाच हवा होता. ते शोकेसची किल्ली शोधायला लागले; पण ती हरवू नये म्हणून इतकी जपून ठेवलेली, की कोणालाच सापडेना.

शोध अजून चालू आहे आणि नात वाट बघतेय. तुमच्या शोकेसची किल्ली सरांच्या शोकेसला लागते का, ते बघायला ती द्या जरा. तुम्हाला ती लागतेय कशाला? तिथल्या कपांतून तुमच्याकडे तरी कोण चहा पितं?