पाण्याला बसा म्हणणारे गुलाबराव

गुलाबराव कुणाच्याही घरी गेले, की तांब्याभर पाणी मागत आणि न पिता अंगणात ओतत. मग उकिडवे बसून ते कुठं जातं हे बघत. पाणी दाराकडं पळालं, की यजमानालाच झापत, "घरी आलेल्याले बसा म्हनत नाई का तुमी?"

अकोल्याकडच्या त्यांच्या गावात मी तेव्हा मास्तर होतो. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी इतकं खारट, की चहात दूध घातलं की फाटलंच. पावसाचं गोडं पाणी मात्र नाल्यानं थेट नदीला. ते गावातच बसवायचा चंग गुलाबरावांनी बांधला होता. उतारावर आडवे बांध, वर तळं, खाली ज्वारी, असा सगळ्या शिवाराचा आराखडा ते देवळापुढं राखेनं काढत. कोंबड्या तो विस्कटत. गुलाबराव कोंबड्यांना शिव्या घालून पुन्हा काढत.

घोडं अडलं किसनभाऊंपाशी. तळ्याची जागा नेमकी त्यांच्या वावरात.

"मी काहून देऊ? तुमचं बुडवा न!"

"माह्या वावरात पानी बसत नाई. बदल्यात माहं नदीकाठचं घ्या."

नदीकाठचं काळंभोर वावर! किसनभाऊ लगेच कबूल झाले. मी गुलाबरावांना सरळ वेड्यात काढलं.

"मास्तर, माह्या घरी खानारं तोंड एकच हाय," ते म्हणाले आणि कुदळ घेऊन चालू लागले.

गावानं श्रमदान केलं. पावसाळ्यात तळं भरलं. त्याच हिवाळ्यात किसनभाऊंच्या मुलासाठी मुलीकडचे घर बघायला आले. सगळा गाव आत, गुलाबराव मात्र गोठ्यापाशी उभे. मी बोलवायला बाहेर आलो.

"चहा फाटला का, मास्तर?"

"नाही. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागितला."

"म्हंजे बसले?"

"चांगले ऐसपैस बसलेत."

ते गव्हाणीला टेकले. "आमच्या घरीबी आल्ते. माय बसा बसा म्हनत राह्यली. फाटलेला चहा पाह्यला न उठले. आमची पोरगी या पान्यात नाई देत म्हने." मग गव्हाणीतली काडी मोडत, "मले लय पसंत होती."

मी आतून तळ्याच्या पाण्याचा तांब्या आणला आणि म्हटलं, "बसा, गुलाबराव."

ते बसले. आता हे पाणी ओतणार म्हणून मी पाय मागं घेतले.

गुलाबरावांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.